प्रोग्रॅमरला पदवी हवी की प्रमाणपत्र? एका जुन्या वादाचा आढावा

डॉक्टरला वैद्यक परिषदेत नाव नोंदवल्याशिवाय दवाखाना थाटता येत नाही. वकिलाला सनद लागते, सनदी लेखापालाला त्याच्या संस्थेच्या परीक्षा पार कराव्या लागतात, आणि १९७२च्या कायद्यानंतर नोंदणी केल्याशिवाय कोणाला स्वतःला वास्तुविशारद म्हणवून घेता येत नाही. प्रोग्रॅमरला यातले काहीच लागत नाही. बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, विजेची बिले ज्या कोडवर चालतात तो कोणी लिहावा, याबद्दल आपल्याकडचा कायदा काही सांगत नाही.

त्यामुळे प्रोग्रॅमर कोणाला म्हणायचे हे नोकरी देणारा ठरवतो, आणि तो ज्या कागदाकडे बघतो त्या कागदाला किंमत येते. बारावीचा निकाल लागला की घराघरांत हिशेब सुरू होतो. चार वर्षांचे इंजिनिअरिंग घ्यायचे, तीन वर्षांचे बीसीएस किंवा बीसीए, की सहा महिन्यांचा क्लास करून एखाद्या मोठ्या कंपनीचे सर्टिफिकेशन? दहा वर्षे नोकरी केलेल्या माणसालाही हाच प्रश्न पडतो, फक्त वेगळ्या कारणाने: जुना प्रोजेक्ट संपत आलेला असतो आणि नव्या क्लाउडच्या कामावर जायचे असते. नवखा आणि अनुभवी यांचे प्रश्न वरून सारखे दिसतात, पण त्यांची उत्तरे वेगळी आहेत. या वादात जो गोंधळ दिसतो, त्यातला बराचसा हे दोन प्रश्न एकाच पारड्यात टाकल्यामुळे झालेला आहे, असे मला वाटते.

वाद सुरू कुठून झाला

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७२च्या ट्युरिंग व्याख्यानात आपल्या लग्नाची हकीकत सांगितली आहे. १९५७ साली ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेत लग्न नोंदवताना त्यांनी व्यवसाय ‘प्रोग्रॅमर’ असा सांगितला, तर असा व्यवसायच नाही म्हणून तो नोंदवून घेण्यास नकार मिळाला. शेवटी ‘सैद्धांतिक पदार्थवैज्ञानिक’ असे लिहावे लागले. त्या काळी प्रोग्रॅमिंग करणारी माणसे गणित, पदार्थविज्ञान, विद्युत अभियांत्रिकी, अगदी हिशेबखात्यातूनही येत. केंब्रिज विद्यापीठाने १९५३ मध्ये संगणनाची पदविका सुरू केली होती, पण तसे अपवाद मोजकेच.

१९६२ हे वर्ष या वादाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, आणि त्याच वर्षी डेटा प्रोसेसिंग मॅनेजमेंट असोसिएशन या व्यावसायिकांच्या संघटनेने ‘सर्टिफिकेट इन डेटा प्रोसेसिंग’ ही परीक्षा आणली. पदवी आणि प्रमाणपत्र जवळजवळ एकाच वेळी जन्मले. विद्यापीठांनी आपली बाजू लवकर बांधून घेतली. असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी या संस्थेने १९६८ मध्ये अभ्यासक्रमाचा आराखडा प्रसिद्ध केला आणि पुढच्या पदव्या त्याच्या वळणाने गेल्या. संघटनेचे प्रमाणपत्र मात्र मालकवर्गाने कधीच सक्तीचे केले नाही. ते परीक्षा देणाऱ्याच्या हौसेवर राहिले.

प्रमाणपत्राला खरे बळ आले ते उत्पादन विकणाऱ्या कंपन्यांकडून. नोव्हेलने नेटवर्क सांभाळणाऱ्यांसाठी परीक्षा काढल्या, मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणि सिस्कोने १९९३ मध्ये आपापली सर्टिफिकेशन्स सुरू केली. यात कंपन्यांचा हेतू सरळ होता. आपले उत्पादन बसवणारी आणि दुरुस्त करणारी माणसे गावोगाव तयार झाली, तर ते उत्पादन खपते. पुढे जावासाठी सन कंपनीचे, लिनक्ससाठी रेड हॅटचे आणि २०१३ पासून ॲमेझॉनच्या क्लाउडचे सर्टिफिकेशन आले. व्यावसायिकांच्या संघटनेने सुरू केलेली गोष्ट अशी उत्पादकांच्या हाती गेली, आणि आज ‘सर्टिफिकेशन’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एखाद्या कंपनीचेच नाव येते.

आपल्याकडचा प्रवास

भारतात हा वाद वेगळ्या मातीत रुजला. १९८१ साली एनआयआयटी आणि १९८६ साली मुंबईत ॲप्टेक सुरू झाली, तेव्हा संगणकाच्या पदव्या फारच थोड्या ठिकाणी मिळत. मागणी मोठी आणि जागा थोड्या, अशा वेळी खासगी संस्थांनी ती पोकळी भरली. दिवसा बी.कॉम. किंवा बी.एस्सी. आणि संध्याकाळी कॉम्प्युटरचा क्लास हे नव्वदच्या दशकातल्या मध्यमवर्गीय मुलामुलींचे नेहमीचे वेळापत्रक झाले. नाशिक, कोल्हापूर, औरंगाबाद, सोलापूर अशा शहरांत अनेकांनी पहिला संगणक पाहिला तो या क्लासमध्ये.

दरम्यान महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट घडत होती. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि पुढच्या काळात जिल्ह्या-जिल्ह्यांत कॉलेजे उभी राहिली. पुणे विद्यापीठाच्या परिसरात बीसीएस आणि एमसीएम यांनी इंजिनिअरिंगला न जाणाऱ्यांसाठी दार उघडले. पदवीच्या जागा वाढत गेल्या तशी क्लासच्या स्वतंत्र डिप्लोम्याची किंमत उतरली. क्लास उरले, पण पदवीला जोड म्हणून.

सरकारनेही एक प्रयोग केला, त्याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. १९९० मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणि एआयसीटीईने मिळून डोएक योजना आणली. तिच्यात ‘ओ’, ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ अशा चार पातळ्या होत्या. शिकायचे कुठेही, अगदी खासगी क्लासमध्येही, पण परीक्षा राष्ट्रीय आणि एकच. ‘बी’ पातळी एमसीएच्या तोडीची आणि ‘सी’ एम.टेक.च्या तोडीची मानायची, अशी रचना होती. आता ही जबाबदारी नाइलिट ही संस्था सांभाळते. सरकारी जाहिरातींत ‘बी.ई./एमसीए किंवा डोएक बी लेव्हल’ अशी अट अजून दिसते. पदवी आणि प्रमाणपत्र यांच्यामध्ये पूल बांधण्याचा इतका पद्धतशीर प्रयत्न भारतात त्याआधी झाला नव्हता. सरकारी भरतीत तो टिकला. खासगी कंपन्यांनी त्याची पुरेशी दखल घेतली नाही. माझ्या मते ही हुकलेली संधी होती.

पुण्यात मात्र एका तिसऱ्याच गोष्टीने मान मिळवला. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९३ पासून आपल्या प्रशिक्षण विभागामार्फत प्रगत संगणनाचा पदविका अभ्यासक्रम चालवला, तोच पुढे ‘डॅक’ म्हणून ओळखला जाऊ लागला. आधी प्रवेश परीक्षा, मग जवळजवळ सहा महिने सकाळपासून संध्याकाळपर्यंत वर्ग आणि लॅब, सुमारे ९०० तासांचे काम, आणि शेवटी कंपन्यांच्या मुलाखती. विदर्भ-मराठवाड्यातल्या कॉलेजातून इंजिनिअर झालेली आणि कॅम्पस न मिळालेली कितीतरी मुले-मुली या वाटेने हिंजवडीला पोचली. या वादाबद्दल डॅक दोन गोष्टी एकदम सांगतो. पदवी मिळाल्यावरही पुन्हा सहा महिने शिकावे लागते, म्हणजे पदवी पुरत नाही. आणि डॅकला प्रवेश मुख्यतः पदवीधरांनाच मिळतो, म्हणजे पदवीवाचूनही चालत नाही.

महाराष्ट्रात प्रमाणपत्राचा आणखी एक मोठा अनुभव म्हणजे २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी. शासकीय सेवेसाठी तो आवश्यक ठरला आणि खेड्यापाड्यांत त्याची केंद्रे निघाली. त्याचा प्रोग्रॅमिंगशी संबंध नाही. ती संगणक-साक्षरता आहे. तरी एखादे प्रमाणपत्र शासनाने सेवेच्या नियमात घातले की त्याचा प्रसार किती वेगाने होतो, हे त्यातून दिसले.

पदवीची बाजू

पदवीच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत भक्कम मुद्दा ज्ञानाच्या आयुष्याचा आहे. डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क, डिस्क्रीट मॅथ्स हे विषय तीस वर्षांपूर्वी शिकलेल्याला आजही उपयोगी पडतात. कोबोल मागे पडले, व्हिज्युअल बेसिक गेले, फ्लॅश गेले. हॅश टेबल का वेगवान असते आणि दोन व्यवहार एकाच खात्यावर एकाच वेळी झाले तर काय होते, हे प्रश्न तसेच राहिले. नवी भाषा आली की पाया असलेला माणूस ती आठवड्यांत उचलतो, असे या बाजूचे लोक सांगतात, आणि अनुभवी टीम लीड बहुधा त्याला दुजोरा देतात.

दुसरा मुद्दा वेळेचा आहे. चार वर्षांत विद्यार्थी चुकतो, केटी लागते, पुन्हा बसतो, मित्रांबरोबर प्रोजेक्ट करतो, ओरलला उत्तर देताना अडखळतो. हे सगळे अभ्यासक्रमात छापलेले नसते, पण त्यातून माणूस घडतो. ज्याच्या घरात इंग्रजी बोलले जात नाही, ज्याच्या ओळखीत कोणी आयटीत नाही, त्याला तर कॉलेजमधल्या या सहवासाचा उपयोग जास्त होतो.

तिसरा मुद्दा व्यवहाराचा. मोठ्या कंपन्यांच्या कॅम्पस भरतीत दहावी, बारावी आणि पदवी तिन्हींत साठ टक्के, म्हणजे ‘फर्स्ट क्लास थ्रूआउट’, ही अट वर्षानुवर्षे राहिली आहे. लाखो अर्ज येतात तेव्हा चाळणी लागते, आणि पदवी ही सर्वांत स्वस्त चाळणी आहे. ही अट अन्याय्य आहे की नाही हा वेगळा प्रश्न. ती आहे, आणि ती ओलांडल्याशिवाय त्या रांगेत उभेच राहता येत नाही.

याच बाजूवरचा आक्षेपही तितकाच ठोस आहे. अभ्यासक्रम जुना, लॅबमध्ये प्रोग्रॅम उतरवून काढलेले, सबमिशनच्या फायली एकमेकांच्या पाहून भरलेल्या, शिकवणाऱ्यांच्या जागा रिकाम्या, ही तक्रार कॉलेजातल्या कोणालाही विचारली तरी ऐकू येते. ‘पदवी’ या एका नावाखाली आयआयटीपासून प्रयोगशाळा धड नसलेल्या कॉलेजपर्यंत सगळे येते, त्यामुळे पदवीच्या बाजूने केलेले कोणतेही सरसकट विधान निम्म्या कॉलेजांना लागू पडत नाही.

प्रमाणपत्राची बाजू

प्रमाणपत्राचे समर्थक सांगतात की काम ठरावीक साधनांवर चालते आणि ती साधने येतात का, हे प्रमाणपत्र थेट तपासते. ते वर्षांच्या ऐवजी आठवड्यांत मिळते. ॲमेझॉनच्या क्लाउडच्या ‘सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट’ परीक्षेची फी १५० डॉलर, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये. खासगी इंजिनिअरिंग कॉलेजचे एका वर्षाचे शुल्क याच्या कितीतरी पट असते. नागपूरचा आणि न्यूयॉर्कचा उमेदवार एकच परीक्षा देतात आणि गुण देणाऱ्या यंत्राला कॉलेजचे नाव माहीत नसते, हाही मुद्दा हलका नाही. ज्याच्या कॉलेजचे नाव कोणी ऐकलेले नाही, त्याला हे समान माप हवेसे वाटणारच.

सर्व्हिस कंपन्यांमध्ये सर्टिफिकेशनला मागणी असण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. क्लाउड आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या आपल्या भागीदार कंपन्यांना दर्जा देतात आणि वरचा दर्जा मिळवायला ठरावीक संख्येने प्रमाणित कर्मचारी दाखवावे लागतात. अनेक निविदांमध्येही ‘इतके प्रमाणित अभियंते’ अशी अट असते. म्हणून कंपनीच फी भरते, परीक्षा द्यायला लावते, काही ठिकाणी ते वार्षिक मूल्यमापनातही धरते. इथे प्रमाणपत्राची किंमत खरी आहे, पण ती कंपनीला आहे. ते हातात घेऊन बाहेरून येणाऱ्या फ्रेशरला तीच किंमत मिळेल असे गृहीत धरणे धोक्याचे ठरते. क्लासच्या जाहिरातींत हा फरक सांगितला जात नाही.

आक्षेप दोन प्रकारचे आहेत. पहिला, मुदतीचा. ॲमेझॉन, सिस्को आणि रेड हॅट यांची प्रमाणपत्रे तीन वर्षांनी संपतात, मायक्रोसॉफ्टची अनेक एका वर्षात नूतनीकरणाला येतात. कंपनीने ठरवले तर अख्खी मालिकाच बंद होते. मायक्रोसॉफ्टने एमसीएसई आणि तिच्या बरोबरीची प्रमाणपत्रे नव्याने देणे २०२१च्या सुरुवातीला थांबवले. ज्यांनी त्यावर वर्षे घालवली त्यांच्या हाती बायोडेटातली एक ओळ राहिली. दुसरा आक्षेप हितसंबंधांचा: जो उत्पादन विकतो तोच परीक्षा घेतो, तोच उत्तीर्ण ठरवतो. आपल्या उत्पादनाच्या मर्यादा विद्यार्थ्याने ओळखाव्यात, असा प्रश्न तो फारसा विचारणार नाही.

परीक्षा कशी घेतली जाते

मला विचाराल तर सगळ्या वादाची गुरुकिल्ली इथे आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

प्रमाणपत्र म्हणून जे कागद बाजारात फिरतात त्यांत निदान तीन जाती आहेत. पहिली, अभ्यासक्रम पूर्ण केल्याची: व्हिडिओ पाहिले, मधल्या प्रश्नावल्या सोडवल्या, कागद मिळाला. परीक्षा कोणाच्या देखरेखीखाली झाली, हा प्रश्नच नाही. दुसरी, पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेची. ॲमेझॉनची वर सांगितलेली परीक्षा १३० मिनिटांत ६५ प्रश्नांची आहे. ती देखरेखीखाली होते आणि त्यातले प्रश्न प्रसंगावर बेतलेले असतात. तरीही चार पर्यायांतून बरोबर ओळखणे आणि कोऱ्या पडद्यावर स्वतः उभे करणे यांत अंतर राहतेच. तिसरी जात प्रत्यक्ष कामाची. रेड हॅटच्या परीक्षेत चालू यंत्र समोर ठेवतात आणि ते दुरुस्त करायला सांगतात. कुबरनेटीसच्या सीकेए परीक्षेत दोन तासांत खऱ्या क्लस्टरवर कामे करावी लागतात. तिथे घोकंपट्टीचा फारसा उपयोग होत नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसईला उतरती कळा लागली, ती दुसऱ्या जातीच्या दुबळेपणामुळे. परीक्षेतले प्रश्न बाहेर फुटू लागले, ‘डम्प’ विकले जाऊ लागले आणि एकदाही सर्व्हर न उभारलेली माणसे उत्तीर्ण होऊ लागली. अमेरिकेत अशांना ‘पेपर एमसीएसई’ म्हणत. डम्पचा धंदा आजही थांबलेला नाही. त्याचा फटका बसतो तो मनापासून अभ्यास करून तीच परीक्षा दिलेल्या माणसाला, कारण मुलाखत घेणारा दोघांकडे एकाच संशयाने पाहतो.

हीच मोजपट्टी पदवीलाही लावायला हवी. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत प्रोग्रॅम कागदावर लिहायचा, संगणकावर चालवून दाखवायचा नाही, ही पद्धत अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे चालली. ती परीक्षा कोणत्या अर्थाने प्रोग्रॅमिंगची होती? डम्पवर मिळवलेले सर्टिफिकेशन आणि गाइड पाठ करून मिळवलेला फर्स्ट क्लास यांची नावे वेगळी, पण दोन्हींत मोजले गेले ते स्मरण. चांगल्या कॉलेजातला अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट आणि रेड हॅटची परीक्षा यांच्यात मला जास्त साम्य दिसते.

एनपीटीईएलने या बाबतीत आपल्याकडे एक उपयुक्त मधला मार्ग दाखवला आहे. सात आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रकल्पात २०१४ पासून प्रमाणपत्रे मिळतात. शिकणे मोफत, ज्याला प्रमाणपत्र हवे त्याने केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली, हजारेक रुपये भरून परीक्षा द्यायची. विषय विद्यापीठाचे, स्वरूप प्रमाणपत्राचे.

इतर देशांतल्या वाटा

पदवी आणि कंपनीचे सर्टिफिकेशन, असे दोनच पर्याय आहेत असे आपण धरून चालतो. पण तसे नाही. जपान १९६९ पासून माहिती-तंत्रज्ञानातील अभियंत्यांची सरकारी परीक्षा घेतो. तिला पदवीची अट नाही, ती कोणत्याही कंपनीच्या उत्पादनाशी बांधलेली नाही, आणि तिथल्या कंपन्यांत तिला मान आहे. आपल्या डोएकच्या वरच्या पातळ्यांना जपानने आपल्या परीक्षेच्या तोडीची मान्यता दिली, ही गोष्ट आपल्याच विद्यार्थ्यांना क्वचित ठाऊक असते.

जर्मनीत १९९७ पासून ‘फाखइन्फॉर्माटिकर’ हा मान्यताप्राप्त व्यवसाय आहे. शाळा संपल्यावर साधारण तीन वर्षे कंपनीत उमेदवारी आणि बरोबरीने व्यवसायशाळा, शेवटी उद्योग-व्यापार मंडळाची परीक्षा. या मार्गाने आलेला प्रोग्रॅमर ‘पदवी नाही’ म्हणून कमी लेखला जात नाही, कारण त्याच्या पाठीशी तीन वर्षांचे काम असते.

भारतातही कंपन्यांनी अशा वाटा पाडल्या आहेत. झोहोने पदवीची अट न घालता शाळा आणि डिप्लोमा झालेल्या मुलांना घेऊन स्वतः शिकवायला सुरुवात केली, एचसीएलने बारावीनंतरच्या मुलांसाठी ‘टेकबी’ काढले, विप्रोने बी.एस्सी.-बीसीए झालेल्यांना नोकरीबरोबर एम.टेक. करण्याची सोय दिली. यांतल्या दोन योजनांतले साम्य बोलके आहे: टेकबी आणि विप्रो या दोन्हींत पुढे पदवी जोडून दिलेली आहे. पदवीशिवाय घेतलेल्या मुलालाही शेवटी पदवी हवीच असते. लग्न जुळवताना, कर्ज काढताना, दुसरी नोकरी शोधताना ती विचारली जाते.

परवान्याचा मार्गही चाचपून झाला आहे. अमेरिकेत टेक्सासने १९९८ मध्ये सॉफ्टवेअर अभियंत्यांना परवाना देणे सुरू केले. असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरीने मात्र, असा परवाना सुरक्षिततेची खोटी हमी देईल, या कारणाने विरोध केला. २०१३ पासून राष्ट्रीय पातळीवर परवाना परीक्षाही झाली. पाच वेळा मिळून ८१ जणांनी ती दिली आणि २०१९ नंतर ती बंद पडली. तूर्त तरी त्या दिशेने कोणी जाताना दिसत नाही.

परदेशी जाताना

मराठी घरांतून अमेरिकेला गेलेल्या प्रोग्रॅमरांना या वादाचे एक उत्तर कायद्यानेच मिळते. एच-वन-बी व्हिसासाठी संबंधित विषयातली पदवी किंवा तिच्या तोडीचे काही दाखवावे लागते. पदवीचे एक वर्ष कमी पडले तर त्याबदली तीन वर्षांचा अनुभव धरला जातो. आपल्याकडच्या तीन वर्षांच्या बीसीएस किंवा बी.एस्सी. पदवीला तिथे चार वर्षांची बरोबरी सिद्ध करावी लागते, आणि म्हणूनच अनेक जण बी.एस्सी.नंतर एमसीए करत आले. या हिशेबात कंपन्यांची सर्टिफिकेशन्स पदवीची जागा घेऊ शकत नाहीत.

जर्मनीने नोव्हेंबर २०२३ पासून वेगळी भूमिका घेतली. माहिती-तंत्रज्ञानातल्या माणसाकडे गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा योग्य पातळीचा अनुभव असेल आणि पगाराची अट पूर्ण होत असेल, तर पदवी नसतानाही त्याला ‘ब्लू कार्ड’ हा तिथे राहून काम करण्याचा परवाना मिळू शकतो. दोन देशांनी एकाच माणसाला दोन वेगळ्या मापांनी मोजायचे ठरवले आहे. बाहेर जाण्याचा विचार असलेल्याने हे आधी पाहिलेले बरे.

पुरावा काय सांगतो

अर्थशास्त्रात या प्रश्नाची चौकट जुनी आहे. गॅरी बेकर यांच्या १९६४च्या मांडणीनुसार शिक्षण माणसाची क्षमता वाढवते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दुसरी बाजू दाखवली: शिक्षणाने क्षमता वाढली नाही तरी ते आधीपासून असलेल्या क्षमतेची खूण म्हणून काम करते, कारण कमी क्षमतेच्या माणसाला ते मिळवणे अधिक जड जाते. ही खूण कोणाला किती लागते, ते अनुभवावर ठरते. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराबद्दल दुसरे काहीच माहीत नसते, तेव्हा कागद बोलतो. दहा वर्षांचे काम समोर असते, तेव्हा कागदाचा आवाज बारीक होतो.

भारतातल्या पदवीबद्दल २०१७ मध्ये ॲस्पायरिंग माइंड्स या कंपनीच्या पाहणीने खळबळ उडवली. पाचशेहून अधिक कॉलेजांतल्या ३६ हजारांवर विद्यार्थ्यांची चाचणी घेतली असता ४.७७ टक्क्यांनाच प्रोग्रॅमचे तर्कशास्त्र बरोबर लिहिता आले, असे तिचे म्हणणे होते. ही कंपनी अशाच चाचण्या विकते, हे ध्यानात ठेवले पाहिजे, आणि उद्योगातल्या काहींनी हा निष्कर्ष ठामपणे नाकारलाही. त्याहून काटेकोर म्हणावा असा अभ्यास २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. त्यात भारत, चीन, रशिया आणि अमेरिका इथल्या संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना एकच परीक्षा दिली होती. अमेरिकेचे विद्यार्थी बऱ्याच फरकाने पुढे होते आणि उरलेले तीन देश साधारण एका पातळीवर. म्हणजे ‘पदवीधर’ या शब्दाने मोजले जाणारे कौशल्य देशागणिक आणि कॉलेजागणिक बदलते, याला आधार मिळाला.

पदवीची अट काढली की काय होते? अमेरिकेत आयबीएमसारख्या कंपन्यांनी आणि २०२२ मध्ये मेरीलँड राज्याच्या सरकारने अनेक पदांसाठी ती काढली. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये सर्वच क्षेत्रांतल्या भरतीचा माग काढला, तेव्हा दिसले की या बदलाचा प्रत्यक्ष फायदा वर्षभरात सातशेतल्या एकाहूनही कमी नेमणुकांना झाला. जाहिरातीतली ओळ बदलली. निवडणाऱ्यांची सवय तशीच राहिली. पदवीचा काळ संपला, असे आपल्याकडे क्लासवाले सांगतात तेव्हा हा आकडा आठवावा.

जे सुटलेले नाही

पदवी आणि प्रमाणपत्र यांच्यातली भिंत पातळ होते आहे, एवढे नक्की. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका आणि पुढे पदवी अशी बाहेर पडण्याची सोय मांडली. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन डेटा सायन्स अभ्यासक्रमात ही रचना प्रत्यक्षात दिसते. त्याला जेईईची अट नाही. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन व्यासपीठावरचे श्रेयांक आता पदवीत धरता येतात. पण एक वर्ष करून बाहेर पडलेल्याला हिंजवडीतली कंपनी काय म्हणून घेणार, हे अजून ठरलेले नाही. ‘शिक्षण अर्धवट सोडलेला’ आणि ‘प्रमाणपत्रधारक’ यांत मुलाखतीच्या टेबलावर फरक केला जाईल का?

दुसरा अनिर्णित प्रश्न कोड लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे. एखाद्या लायब्ररीची आज्ञा कशी लिहायची, हे यंत्र क्षणात सांगते, आणि अनेक प्रमाणपत्रे नेमके तेच विचारतात. यावरून पदवीच्या समर्थकांना आपला मुद्दा बळकट झाल्यासारखा वाटतो. पण त्याच यंत्राने कॉलेजच्या असाइनमेंट आणि अंतिम वर्षाचे प्रोजेक्टही पोकळ करता येतात. यंत्राने दिलेला कोड चुकीचा कुठे आहे हे ओळखण्याची परीक्षा घेण्याची सर्वमान्य पद्धत अजून विद्यापीठांना सापडलेली नाही आणि कंपन्यांनाही नाही. फ्रेशरची कामे कमी झाली तर तो अनुभव कुठून मिळवणार, हाही याच प्रश्नाचा भाग आहे.

तिसरा प्रश्न पैशाचा, आणि तो मला सर्वांत तातडीचा वाटतो. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून व्यावसायिक पदवीच्या शुल्काची प्रतिपूर्ती मिळते, आणि जुलै २०२४च्या शासन निर्णयानंतर आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी कुटुंबांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. त्या मुलीसाठी पदवी स्वस्त झाली आहे. पदवीनंतर पुण्यातल्या क्लासची फी, डॉलरमधली परीक्षा फी आणि सहा महिने कॉटबेसिसवर राहण्याचा खर्च मात्र तिच्या वडिलांच्या खिशातून जातो, आणि नोकरी बहुधा त्या सहा महिन्यांवर अवलंबून असते. प्रत्यक्ष काम करायला लावणाऱ्या परीक्षा कोणत्या, हे ठरवून त्यांची फी शिष्यवृत्तीत धरावी का, आणि ती यादी उत्पादक कंपन्यांच्या दबावाशिवाय कोणी करावी, याचा निर्णय तंत्रशिक्षण विभागासमोर आज ना उद्या येणार आहे.